माझी दोरी तुझ्या हाती

"फिरवायचं, थांबायचं नाही," जेलर म्हणाला. "चाक फिरतंय तोवर पाणी चढणार नाही. चाक थांबलं, की कोठडी भरली. दोघांतला जो उरेल, तो आज सुटला."

बोळात दोन कैदी उभे होते. एक मास्तर. वय साठीपुढचं, बाहेर असताना शाळेत गाणं शिकवायचे. दुसरा नळवाला, तिशीतला. पाणी तोडलेल्या एका वस्तीचा व्हॉल्व्ह त्याने उघडून दिला होता, म्हणून आत आलेला. दोन वर्षं दोघं एकाच बराकीत, एकाच भिंतीला पाठ टेकून झोपले होते.

समोर दोन लोखंडी दारं होती, शेजारीशेजारी. वर छतालगत नळांची गुंतागुंत.

नळवाला मान वर करून बघत राहिला. देव आठवत असेल, असं मास्तरांना वाटलं.

"साहेब, हे नळ तर..."

"यंत्राबद्दल एक शब्द काढलास, तर दोन्हीकडे पाणी सोडीन," जेलर शांतपणे म्हणाला. "आत्ताही, आणि आत गेल्यावरही. वर पाहुणे बसलेत. त्यांना खेळ बघायचाय, तुझी हुशारी नको."

नळवाल्याने तोंड मिटलं. मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, हात आखडता घेऊ नका बरं का. मी आहे."

"अरे, तू आहेस हीच तर पंचाईत आहे!"

दोघंही हसले. दारं लागली.

कोठडी चार पावलांची. भिंतीत गाडीच्या चाकाएवढं चाक, त्याला लाकडी मूठ. जमिनीतल्या भोकातून पाणी येत होतं. आत्ताच घोट्याला लागलं होतं. वर छताच्या जागी जाड काच होती आणि तिच्यावर बुटांचे तळ दिसत होते. मधल्या भिंतीत छतालगत वीतभर झरोका, त्यातून पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

मास्तरांनी मूठ धरली. पलीकडचं चाकही करकरू लागलं.

गेल्या खेपेला दोन सख्खे भाऊ आत गेले होते. जो सुटला तो फाटकापर्यंत चालत गेला, तिथेच बसला आणि उठलाच नाही म्हणे. मास्तरांना ते आठवलं. त्यांनी मान झटकली.

"मास्तर, गाणं होऊन जाऊ द्या," नळवाला ओरडला. "तुमचं ते दोरीचं."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर केव्हा? श्रोते वरच बसलेत. उठून जायची सोय नाही त्यांना."

मास्तरांनी सूर लावला.

*माझी दोरी तुझ्या हाती,*
*हात सोडू नको सांगाती.*

नळवाल्याने दुसरी ओळ उचलली. बराकीत तो नेहमी बेसूर गायचा. आज अगदी नेटका गात होता. गाण्याला चाकांचा ठेका मिळाला. तासभर असंच चाललं.

मग एकदा पलीकडे धप्प आवाज झाला आणि करकर थांबली. त्याच क्षणी मास्तरांचं पाणी गुडघ्याला आलं. आपलाच जोर कमी पडला असणार, असं समजून त्यांनी दुप्पट वेगाने चाक ओढलं. काचेवर कुणीतरी हसलं.

पलीकडची करकर पुन्हा सुरू झाली. पाणी हळूहळू उतरलं.

"माफ करा मास्तर, पाय घसरला. चूक झाली," नळवाला धापा टाकत म्हणाला.

"मला कसली माफी मागतोस? तुझा तू सांभाळ!"

पलीकडचं चाक आणखी नेटाने करकरलं.

मास्तरांच्या तळव्यांचं कातडं सोललं. मुठीला रक्त लागलं. त्यांनी घटकाभर थांबून हात सदऱ्याला पुसले. पलीकडे नळवाला जोरजोरात खोकला.

"दमलास का रे?"

"नाही. तुम्ही फिरवा, म्हणजे झालं."

"पोरगी काय म्हणते तुझी?"

"बोलायला लागलीय. 'बाबा' म्हणते," नळवाला म्हणाला. "पण शेजाऱ्याच्या कुत्र्याला. खरा बाबा कोण, ते जाऊन सांगायला हवं."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांचं ठरलं. त्यांची वाट बघणारं बाहेर कुणी नव्हतं. पिकलं पान. नळवाल्याला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, म्हणून ते बोलले नाहीत. गाणं तेवढं चालू ठेवलं, त्याला संशय येऊ नये म्हणून.

त्यांनी मूठ सोडली. भिंतीला टेकून पाण्यात बसले, डोळे मिटले, हात जोडले. देवा, याचं लेकरू याच्या पदरात घाल.

"मास्तर?" पलीकडून हाक आली. "मास्तर, हात!"

मास्तर गात राहिले.

"हात सोडू नका मास्तर! गाणं आठवा! हात सोडू नको..."

किती जीव लावतो हा, मास्तरांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. आवाज मात्र त्यांनी हलू दिला नाही.

पलीकडचं चाक थांबलं नाही. उलट आणखी जोरात फिरू लागलं. नळवाल्याचा आवाज वर वर चढत झरोक्याच्या तोंडाशी आला. तो ओरडायचा थांबला आणि ध्रुपद गाऊ लागला, एकेक शब्द, मधे श्वास घेत. मग नुसतीच करकर. मग करकरही थांबली.

मास्तर वाट बघत होते. बसल्यावर कंबरेशी आलेलं पाणी इतका वेळ हललं नव्हतं. आता, पहिल्यांदाच, ते चढू लागलं. छातीशी आलं आणि दार उघडलं.

जेलर उंबऱ्यात उभा होता. "चला मास्तर. जिंकलात."

"काहीतरी चुकतंय साहेब," मास्तर म्हणाले. "मी चाक केव्हाच सोडलं होतं."

"म्हणूनच तर," जेलर म्हणाला. "तुमचं चाक त्याच्या कोठडीचं होतं."