बालनगरीची जीप

“कान टोचू नोका वयनी तिचे इतक्यात,” टेकचंद म्हणाला. “बालनगरीच्या पाळण्यात बसून येऊ द्या तिले.”

कुंताबाईनं सुई खाली ठेवली. पाच वर्षांची रुखमी आईच्या मांडीवरून सटकली आणि काकाच्या गळ्यात पडली.

“कायले जी भाऊजी? कानाचा आन पाळण्याचा काय संबंध?”

“पिकला-बिकला तर आत घेत नाहीत. अंगावर जखम दिसली का लेकरू वापस. शहराचे कायदे आहेत ते.”

नवऱ्याला पान लागलं, सापाच्या विषानं तो गेला, आणि घरात शब्द चालू लागला तो या दिराचा. टेकचंदला ना बायको ना पोर. भावाच्या लेकरांकडं त्यानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्र्याऐंशीचा दसरा झाला आणि त्याला एकदम मायेचा पान्हा फुटला. येता-जाता नागपूरची बालनगरी. आभाळाला टेकणारा पाळणा, लेकरांची आगगाडी, माणूस हत्तीएवढा दिसतो ते आरसे. रुखमीचा मोठा भाऊ इश्वर अंगणभर कोळशानं गाडीचे डबे काढत सुटला. कुंताबाई ऐकायची आणि “हो जी” म्हणायची. गाव तिला भोळी म्हणे. ज्या बाईला बोलायची सोय नसते, तिला गाव भोळीच म्हणतं.

बेत मात्र रोज बदले. आधी दोघंही जाणार होते. मग टेकचंद म्हणाला, “इश्वरले गाडी लागते. त्याले भाऊबीज झाल्यावर मंडईच्या जत्रेले नेऊ. यंदा रुखमीच.”

इश्वर रडला. कोळशाचे डबे पायानं पुसून टाकले.

“कवा निघाचं?” कुंताबाईनं विचारलं.

“लक्ष्मीपूजनाले.”

“अवसेले? सणाचं लेकरू घराबाहेर?”

“त्या दिवशी गर्दी नसते वयनी. एकाच पाळण्यात पोट भरतवरी बसा. मधुकररावाची जीप आहे. लय मोठा माणूस.”

“हो जी.”

धान कापता कापता शेजारच्या नत्थूची पाठ धरली. वाकडा होऊनच तो ओसरीवर आला. पायाळू माणसानं पाय लावला की उसण उतरते, आणि गावात पायाळू होता टेकचंद. आईच्या पोटातून पाय आधी आलेले. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यानं गावाच्या पाठी तुडवल्या होत्या. आज त्यानं पाय मागं घेतला.

“रुखमीले सांग आता. तेही पायाळूच आहे.”

कुंताबाईनं मान वर केली. रुखमी डोक्यानं आली होती. जिनं कळा दिल्या तिला हे कोणी सांगायची गरज नव्हती. रुखमी खिदळत नत्थूच्या पाठीवर नाचली.

“उतरली का, नत्थूबाबा?”

“कायची उतरते! गुदगुल्या झाल्या नुसत्या.” नत्थू कण्हत उठला. “टेकचंदा, तुया खुराची गोष्टच वेगळी बे. आन पायाळूले जमिनीतलं सोनं दिसते म्हन्तेत. मंग तू कायले चिखलात मरून राहिला?”

लेकरं हसली. टेकचंद हसला नाही.

मागच्या दिवाळीत पलीकडच्या गावचं एक पायाळू पोर नाहीसं झालं होतं. रानात ताजा खड्डा सापडला, काठावर पोराची चड्डी. वर्दीवाले आले, कोंबडी खाल्ली आणि वाघाचं नाव लिहून गेले. खड्ड्याजवळ कापलेली लिंबंही पडली होती. वाघ लिंबू कापत नाही. पण गरिबाच्या पोराचा वाघ फार हुशार असतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जीप अंगणात आली. कुंताबाईनं रुखमीला नवा फ्रॉक घातला होता, पिशवीत करंज्या भरल्या होत्या. नत्थूला तिनं चहाला बोलावून ओसरीवर बसवला होता.

मधुकरराव पांढऱ्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस. त्यानं रुखमीला जवळ घेतलं. तिचे कान पाहिले, तळवे पाहिले.

“पायाळू पक्की ना?” त्यानं टेकचंदला हळूच विचारलं.

कुंताबाई कपबश्या घेऊन मागंच उभी होती. ती हसली.

“कोण, रुखमी? नाही जी पाहुणे! थे तं डोक्यानं आली. पायाळू तं आमचे भाऊजी. तुमाले सांगतलं नाही का?”

“वयनी मजाक करून राहिली,” टेकचंद म्हणाला.

“कायचा मजाक बे!” नत्थू ओसरीवरून ओरडला. “लहानपणापासून माह्या पाठीवर नाचून राहिला तू! साऱ्या गावाले इचारा साहेब!”

मधुकररावानं चहा संपवला. कप अलगद खाली ठेवला. जीपमधून दोघं जण उतरले.

“चल टेकचंद. बस.”

“आन पोरगी?”

“तिचं काय काम आता?”

टेकचंदनं ओसरीचा खांब धरला. त्या दोघांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, हसत हसत, जसं सोयऱ्याला आग्रहानं गाडीत बसवतात.

“वयनी, सांगा ना! खोटं आहे म्हणून सांगा!”

“असं कसं म्हणू जी, भाऊजी? गावाले माहीत आहे.”

जीप हलली तशी मागच्या बाकाखाली खड्डा खणायची सब्बल खणखणली. एक लिंबू घरंगळून अंगणात पडलं. नागपूरचा डांबरी रस्ता डावीकडं राहिला. जीप रानाकडं वळली.

“साहेबानं भलत्याच रस्त्यानं घेतली गाडी,” नत्थू म्हणाला. टेकचंदची एक चप्पल खांबापाशी उलटी पडली होती. ती त्यानं सरळ करून ठेवली.

रुखमीनं भोकाड पसरलं. “काका एकटाच पाळण्यात बसन!”

“बसू दे,” कुंताबाई म्हणाली. तिनं दिवा लावला आणि सुई ज्योतीवर धरली. “ये इकडं. कान टोचू.”

सुईत दोरा तिनं सकाळीच ओवून ठेवला होता.