टिली कुठंय?

गेल्या वर्षीची गोष्ट. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. दुकानात म्हातारा लाइल आला.

"काडतुसांचं एक खोकं दे, पोरी."

दरवेळी काउंटरवर पंजे टेकून माझ्याकडून बिस्किट उकळणारी त्याची कुत्री सोबत नव्हती.

"टिली कुठंय?"

"पुतण्याला देऊन टाकली."

कुत्र्याशिवाय आमच्या डकोटात फेझंटच्या मागे कुणी जात नाही. मग ही काडतुसं कशासाठी? कडेवरच्या बाळाला सावरत मी खोकं परत फळीवर ठेवलं.

"टिलीला घेऊन ये, मग देते."

"कायद्यानं तू मला अडवू शकत नाहीस!"

"दुकान माझं आहे. नाही विकणार."

"बायको गेली, तर आता हुकूम सोडायला तू आलीस!"

दार आपटून तो गेला. त्याची गाडी हलायच्या आत मी त्याच्या पुतण्याला फोन लावला.

यंदा हंगामाच्या आदल्या दिवशी दार पुन्हा तसंच आपटलं.

"आता तरी देशील का गं, जेलरबाई?"

मी मान वर करेपर्यंत काउंटरवर चार पंजे आले होते. दोन टिलीचे, दोन तिच्या दांडगट पिल्लाचे. दोघांनाही बिस्किट हवं होतं.

"या कार्ट्याला अजून काही म्हणजे काही येत नाही," लाइल कुरकुरला. "शिकवायला चार हंगाम तरी लागतील मला!"