बापलेकीचा शॉट

"पुन्हा सांगतो बाई, एकदाच. एकदा टीव्हीवर दिसणार, मग बंद," हरी म्हणाला. बोलून बोलून त्याचा घसा कोरडा पडला होता.

मंगळीने हातातल्या फोटोवरची नजर हलवली नाही. "मंग न्हाय."

आता काय करावं हिला! हरी भिवंडीत लग्नांचे व्हिडिओ काढायचा. यंदा गल्लोगल्ली कॅमेरेवाले झाले आणि धंदा पार बसला. त्यात मुंबईच्या एका जाहिरातवाल्याला त्याच्या जुन्या कॅसेटमधला तुकडा आवडला. वज्रेश्वरीच्या जत्रेत बापाचं बोट धरून, पिपाणी वाजवत चाललेली पोर. फक्त चित्रात दिसणाऱ्यांची परवानगी हवी, आणि तीही आज संध्याकाळच्या आत. नाहीतर कॅमेरा विकायचा आणि काल्हेरच्या गोडाऊनवर कामाला लागायचं, हे घरी ठरलेलंच होतं.

त्या तुकड्यातून काढलेला फोटो दाखवत तो अंबाडी नाक्यावर वणवण फिरला. शेवटी एक चहावाला ओरडला, "अरे, ही तर मंगळीची सोमी! पळ, आधी तिच्याकडं जा!" पुढचं ऐकायलाही न थांबता हरी पाड्याकडे पळत सुटला.

जाहिरातवाल्याने दोन कागद दिले होते. एक, एकदाच दाखवायच्या परवानगीचा. दुसरा कायमचा, देशभर, वाटेल तिथे, वाटेल तितक्या वेळा. त्याला हवा होता दुसरा, पहिल्यावरही तो कसाबसा तयार होता. पण पाड्यावरची माणसं बुजतील, पोरीला नजर लागेल म्हणतील, म्हणून हरीने आपल्या अकलेने पहिलाच पुढे केला होता.

"ह्याचं तोंड नीट दिसंल का?" मंगळीने फोटोतल्या माणसावर बोट ठेवलं.

घ्या! बाईला नवरा टीव्हीवर बघायची हौस! एवढ्या काळजीतही हरीला हसू आलं.

"एकदम स्वच्छ दिसेल."

"पन एकदाच?"

"एकदाच. देवाशपथ."

"मंग न्हाय म्हनते ना!"

हरी मटकन खाली बसला. त्याने चक्क हात जोडले. "बाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका हो."

मंगळी पुन्हा फोटोकडे बघत बसली. ऊन उतरायला लागलं होतं. गेलंच आता सगळं, असं म्हणत हरीने दुसरा कागद काढला.

"हा तर तुम्हाला नकोच असेल. यात ते कायम दाखवत राहतील. दिल्लीला, कलकत्त्याला, थेटरातसुद्धा."

"रोज?"

"रोज."

मंगळीने तो कागद त्याच्या हातातून ओढूनच घेतला. "शाई दे."

अंगठा उठला. वाचलो रे देवा! हरीला रडूच कोसळायचं बाकी होतं. त्याने घाईघाईने शेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आता इथे सोमीच्या बापाचा. बोलवा त्यांना."

"सोमी पोटात असतानाच मेला तो," मंगळी म्हणाली. "आन् सोमी त्या जत्रंतून घरी आलीच न्हाय, दादा."