भरल्या ताटावरून

हॉटेलच्या मागच्या खिडकीत जाळ दिसला, तेव्हा सरूबाईंनी आगीकडे पाहायच्या आधी नवऱ्याकडे पाहिलं.

हैबतराव भाकरी मोडत होते. मुंबईत सगळी नोकरी त्यांनी आगीच्या बंबावर काढलेली. घंटा झाली की हातातला घास टाकून जे पळायचे, ते कधी परततील याचा नेम नसायचा. लेकीचं बारसं असो, मेहुणीच्या लग्नाची पंगत असो, सरूबाईंच्या शेजारचं ताट कायम अर्धवट. रिटायर झाल्यावर आता कुठे दोघं सहलीला निघाली होती. एसटीने पेण, मग हमरापूरचे गणपतीचे कारखाने, आणि आज मुक्कामाला रोह्याबाहेरचं, कुंडलिकेकाठचं हे तीन खोल्यांचं कौलारू हॉटेल. घरातून पाऊल टाकतानाच सरूबाईंनी बजावलं होतं, "या सहलीत एकदा जरी भरल्या ताटावरून उठलात, तर मी तशीच उठून घरी जाईन. एकटी!" हैबतरावांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

शब्द द्यायला काय जातं! पेणला खानावळीत शिरल्या शिरल्या त्यांनी मालकाला स्टोव्ह हलवायला लावला. हमरापूरला रंगाच्या डब्यांशेजारी विडी ओढणाऱ्या एकाला असं झापलं की बिचाऱ्याने काड्यापेटीच देऊन टाकली. दोन्ही वेळा ताट समोर नव्हतं, म्हणून सरूबाईंनी कानाडोळा केला. आज मात्र ताट समोर होतं.

जाळ खिडकीच्या निम्म्यावर आला. पेंढा तडतडायला लागला. मघाशी वाढून गेलेला मालक, हिरामण, कुठे दिसेना. हैबतरावांनी मान वर केली, जाळ नीट पाहिला, आणि खाली बघून माशाचा काटा काढला.

सरूबाई मनातून अशा काही फुलल्या की विचारू नका. आग पुढ्यात आणि हा माणूस जेवतोय! त्यांनी हौसेने नवऱ्याच्या पानात आणखी भात वाढला.

पण भात कालवता कालवता त्यांचाच जीव खालीवर व्हायला लागला. वर कौलं असली तरी खाली वासे लाकडाचेच की.

"अहो, दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. तू जेव."

जेव काय, जेव! धुराने काळे झालेले खाकी कपडे जन्मभर धुतलेली बाई ती. तिला बसवेना. सरूबाई उठल्या, मोरीपाशी भरून ठेवलेली बादली उचलली, मागच्या दाराने धावल्या आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ती जाळावर उपडी केली.

चर्र झालं. पाठोपाठ काहीतरी तडकलं. आणि वाफेतून ओव्याचा आणि वालाच्या शेंगांचा असा घमघमाट सुटला की सरूबाई बादली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

हिरामण केळीची पानं घेऊन परसातून पळत आला. "अवो ताई, काय केलंत ह्या! पोपटी हाय ती! तुमच्यासाठीच लावलेली, गुपचूप!"

वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी पाल्यात घालून मडक्यात भरायची, मडकं उपडं मांडायचं आणि भोवती जाळ करायचा. रोह्याकडचं हे थंडीतलं कौतुक मुंबईच्या या दोघांना कुठून ठाऊक असणार? सरूबाई ओशाळून गेल्या. हिरामणची बायको काशीबाई मात्र पोट धरून हसत होती. "शिजली का बगायला आमीपन पानी टाकतो गो बाय. पन चार थेंब! बादलीभर नाय!"

शेंगा शिजल्या होत्या. तडकलेल्या मडक्यातून त्या निवडून काशीबाईने टेबलावर आणून ओतल्या. सरूबाईंनी एक तोंडात टाकली, आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्हाला वासावरूनच कळलं असणार. मग मला अडवलं का नाहीत? मजा बघत बसलात?"

हैबतरावांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. तेव्हा सरूबाईंचं लक्ष खाली गेलं. जेवायला बसताना खुर्चीखाली काढून ठेवलेले बूट त्यांच्या पायात होते, नाड्या करकचून बांधलेल्या. डाव्या हाताने टेबलाची कड अजून घट्ट धरलेली होती.

"मला वाटलं, खरंच पेटलंय," ते म्हणाले. "पण तुला शब्द दिला होता ना."

सरूबाईंना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. आपल्यासाठी हा माणूस पेटत्या घरात भात खात बसला होता! बाहेर निखारे अजून धुमसत होते. शेंग सोलता सोलता हैबतरावांची नजर सारखी तिकडे जात होती.

सरूबाईंनी रिकामी बादली त्यांच्यापुढे सरकवली.

"उठा," त्या म्हणाल्या. "नीट विझवून या. मी थांबते जेवायची."