केर्कुलाची कबर

कबरीवर त्याचंच नाव होतं, आणि आई तिला चुना लावत होती.

केर्कुला आंब्याच्या झाडाआड थबकला. घराला कुलूप दिसलं तेव्हाच त्याच्या लक्षात यायला हवं होतं. मार्चमधला बुधवार, कबरी सजवायची सुट्टी. सगळं गाव दफनभूमीत लोटलं होतं. कुणी कोयत्यानं गवत कापत होतं, कुणी प्लॅस्टिकच्या फुलांची चक्रं बांधत होतं. पुरुषमंडळी उसाची दारू आधी मातीवर शिंपडत आणि मग आपल्या घशात ओतत होती. कामाच्या शोधातले मजूर बादल्या वाजवत फिरत होते. "कबर रंगवायची का, मा? कबर रंगवायची?"

आई फार म्हातारी झाली होती. मी मेलो असंच ही समजतेय, असं त्याला वाटलं. सीमेपलीकडच्या कोकोच्या मळ्यांत त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. गावाकडं तोंड करायची हिंमत झाली नव्हती. पण मुलगी झाली आणि त्याला राहवेना. आम्ही घरी येऊ का, एवढंच विचारायला तो आला होता.

तो झाडाआडून पुढं झाला. आईनं, लोर्पूनं, मान वर केली. हातातला ब्रश थांबला. तिनं ओळखलं होतं. 'मा' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती घाईघाईनं, मोठ्यानं म्हणाली,

"काम हवंय का रे तुला? मग खांबासारखा उभा काय राहिलास? घे ब्रश. पलीकडची बाजू रंगव."

तेव्हा त्याला कबरीपलीकडं वाकून गवत उपटणारी बाई दिसली. कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली. शेजारची नोवाई. टोकपा सुताराची विधवा.

लढाईच्या दिवसांत बंदूकवाल्यांनी केर्कुलाला नाक्यावरून उचलून नेलं, तेव्हा तो पोरगाच होता. काही महिन्यांनी त्याच टोळीनं त्याला त्याच्याच गावात आणलं. टोकपाला घरातून फरफटत बाहेर काढलं. म्होरक्या हसत म्हणाला, "तुझ्या ओळखीचा आहे ना? मग तूच उडव." त्यानं उडवलं. नोवाई दारात उभी होती.

त्यानं ब्रश घेतला. खाली मान घालून तो चुना फासू लागला.

"कुठला रे तू?" नोवाईनं विचारलं.

"सीमेकडचा, मा."

"नीट लाव. आत कोण आहे माहितीये? माझ्या नवऱ्याला गोळी घालणारा पोरगा. हिचा."

लोर्पू बादलीतला चुना ढवळत राहिली. तो ढवळायची काही गरज नव्हती.

"गाव थुंकायचं हिच्यावर," नोवाई सांगू लागली. "विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत. मीसुद्धा दगड मारलेत हिला, विचार. मग एक दिवस ही म्हणाली, पोरगा नदीकाठी मेला, सदरा तेवढा हाती लागला, तो पुरायचाय. एक माणूस मदतीला आला नाही. मी आले होते मजा बघायला. बघते तर ही एकटीच खणतेय, हातांची सालटी निघालेली. मग घेतलं मीही फावडं. मेलेल्या पोराशी किती दिवस भांडायचं? तेव्हापासून आम्ही दोघी एका भांड्यात जेवतो."

केर्कुलाचा हात चालत होता, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. नदीकाठी तो कधी गेलाच नव्हता. उलट लढाई थांबल्यावर त्यानं एका फिरत्या व्यापाऱ्याबरोबर आईला निरोप धाडला होता, मी जिवंत आहे म्हणून. तो निरोप पोचला नसावा असंच तो आजवर समजत आला होता. आता त्याला कळलं. निरोप पोचला होता. म्हणूनच तिनं त्याला पुरलं होतं; मेलेल्याला शोधायला कुणी जात नाही.

"घरी कोण आहे तुला?" लोर्पूनं परक्या आवाजात विचारलं.

"बायको आहे. लहान मुलगी आहे. तिला मी माझ्या आईचं नाव दिलंय."

"आई आहे का तुझी?" नोवाईनं विचारलं.

त्यानं लोर्पूकडं पाहिलं. ती त्याच्या आधीच बोलली.

"नसेल गं. आई असती तर पोरगा सणाच्या दिवशी लोकांच्या कबरी रंगवत फिरला असता का?"

दुपारी दोघी सावलीत जेवायला बसल्या. मजुराला वाढावं तसा लोर्पूनं झाकणावर भात काढला, त्यावर पामतेलाचं कालवण ओतलं. माशाचा सगळ्यांत मोठा तुकडा त्याच्या भातावर आला. झाकण देताना तिची बोटं त्याच्या बोटांवर क्षणभर राहिली. तो पाठ फिरवून जेवला. त्यानं एक शीतही सोडलं नाही.

जेवण झाल्यावर लोर्पू भांडी घेऊन ओढ्याकडं निघाली. एकदाही मागं न बघता गेली. तिचे खांदे हलत होते.

नोवाईनं कपड्यांना चिकटलेलं गवत झटकलं. त्याच्याकडं न बघताच ती म्हणाली,

"ती यायच्या आत नीघ. बाजारातून नको, रबराच्या मळ्यातून जा. तुला ओळखणारे अजून आहेत गावात."

ब्रश उचलायला वाकलेला केर्कुला तसाच थांबला.

"आणि पुन्हा येऊ नकोस. तिला मी सांभाळीन. मला ठाऊक आहे हे मात्र तिला कळता कामा नये."

"काय ठाऊक आहे, मा?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तुझा निरोप आणणारा तो व्यापारी घर चुकून आधी माझ्याच दारात आला होता, केर्कुला."