कावळा शिवेपर्यंत

खरे कावळे संपल्यापासून नगरपरिषदेनं दाखल्याच्या खिडकीपाशी यंत्राचा कावळा बसवला होता. त्याच्यात मेलेल्या माणसाचं मन भरायचं, समोर भाताचा पिंड ठेवायचा. कावळा शिवला की मगच मृत्यूचा दाखला निघायचा.

विलासच्या पिंडाला कावळा शिवेना.

"सासूबाईंना शेवटपर्यंत सांभाळीन," त्याची बायको हेमलता म्हणाली. "धाकट्या वन्संचं लग्न करून देईन."

कावळा ढिम्म.

"इच्छा अडकलीय कुठंतरी, ताई," खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले. "आठवून बघा."

आठवायची गरज नव्हती. नवऱ्याचा संशयी स्वभाव तिनं भोगला होता. बाहेर बाकावर रघुनाथ बसला होता. दाखला हातात आला की दोघं लग्नाचा अर्ज देणार होते. खोटं बोलायला काय जातंय, असं मनाशी म्हणत ती वाकली आणि पुटपुटली, "मी दुसरं लग्न करणार नाही."

कावळ्यानं लगेच चोच मारली.

दाखल्यावर शिक्का मारताना भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. "तुमचा शब्द खाली छापलाय, ताई. तो मोडला की दाखला रद्द होतो. ते पुन्हा जिवंत धरले जातात."

बाहेरून रघुनाथनं हातानंच विचारलं, मिळाला?

तिनं मान डोलावली.