मालिकेची कॅसेट

वाहिनीने त्या जुन्या मालिकेच्या टेपा केव्हाच पुसून टाकल्या होत्या. शिल्लक होती ती मास्तरांची कॅसेट, टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. घरात माणसं दोनच, तरी रेकॉर्डिंग चालू असताना ब्र काढायचा नाही, असा त्यांचा बायकोला दंडक. ती गेल्यापासून त्यांनी कॅसेट लावलीच नव्हती.

"कमाल आहे काका. मध्ये साधा खोकलासुद्धा नाही," वाहिनीच्या स्टुडिओत कॅसेट ऐकताना साउंड इंजिनिअर हरखून म्हणाली.

शेवटचं संगीत विरलं आणि मागून बायकोचा दबका आवाज आला, "आता बोलू का?" लगेच खट्कन बटण बंद.

"एवढं शेवटचं कापून टाकते हं."

मास्तरांनी सवयीने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. मग ते मशीनकडे वाकले.

"बोल गं. कधीची खोळंबलीयेस."